कार्ड स्वस्तात घेतलं, बिल मात्र वाढलं

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«घरचं महिन्याचं वाणसामान मीच भरते. काही महिन्यांपूर्वी भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. सुपरमार्केटचं गिफ्ट कार्ड पाच टक्के कमी भावात, वर साइटचा दोन टक्के कॅशबॅक, क्रेडिट कार्डाचा एक टक्का आणि दुकानाचे चार टक्के पॉइंट. ‘वहिनी, सरळ बारा टक्के सुटतात,’ म्हणाले. मीही सुरू केलं. आज माझ्याकडे तीन दुकानांची मिळून अकरा कार्डं आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात थोडेथोडे पैसे पडून आहेत. कॅशबॅक निम्मा ‘पेंडिंग’ दिसतो, दोनदा तर चक्क नामंजूर झाला. आमच्या ह्यांचं म्हणणं, हा उद्योग सुरू झाल्यापासून सामानाचा खर्च कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. त्यात आता एका ग्रुपवर कोणीतरी वीस टक्के कमी भावाने कार्डं विकतोय. घ्यावीत का? आणि मुळात हे चालू ठेवू की बंद करू?»

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालू ठेवा, पण आत्ता करताय तसं नाही. वीस टक्केवाल्याकडून एकही कार्ड घेऊ नका, त्याचा समाचार पुढे घेऊ. आणि ह्यांच्याशी वाद घालण्याआधी थोडा हिशोब करा, कारण मला वाटतं ह्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसावं.

पहिलं काम आजच. अकराच्या अकरा कार्डं रिकामी होईपर्यंत नवीन कार्ड घ्यायचं नाही. एक कागद घ्या, प्रत्येक कार्डासमोर दुकान, कोडचे शेवटचे चार आकडे, शिल्लक आणि मुदत लिहा. शिल्लक दुकानाच्याच अ‍ॅपवर बघा, किंवा साइटचा पत्ता स्वतः टाइप करून. ‘कार्ड बॅलन्स’ असं शोधून वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. कोड आणि पिन काढून घेण्यासाठीच उभ्या केलेल्या नकली साइट असतात. मग बेरीज मारा. तो आकडा बघून तुम्ही थोड्या दचकाल. ते पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, पण त्यांचं सामान घरात आलेलं नाही. भाऊजींच्या हिशोबात ती बचत असेल, माझ्या हिशोबात ते तुम्ही दुकानाला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे.

आता हे पैसे मुळात सुटतात कुठून, ते बघू. दुकानाने कार्ड विकलं की त्याला रोकड आज मिळते, माल नंतर जातो. गिऱ्हाईक बांधलं जातं. कार्डं घाऊक घेणाऱ्या मधल्या विक्रेत्याला दुकान ती दर्शनी किमतीपेक्षा, म्हणजे कार्डावर लिहिलेल्या रकमेपेक्षा, कमी भावात देतं, तो त्यातला काही भाग स्वतःकडे ठेवून उरलेली सवलत तुम्हाला देतो. कॅशबॅकवाली साइट तुम्हाला त्या विक्रेत्याच्या दारापर्यंत आणून सोडते म्हणून तिला दलाली मिळते, त्या दलालीतला वाटा म्हणजे तुमचा कॅशबॅक. इथवर सगळं सरळ आहे, कोणी कोणाला फसवत नाही.

पण आणखी एक मिळकत आहे, तिची जाहिरात कोणी करत नाही. विकलेल्या कार्डांतले काही पैसे कधीच वापरले जात नाहीत. कार्ड हरवतं, कोडची मेल खाली जाते, चिल्लर शिल्लक राहते आणि विसरली जाते. हिशोबनीस याला ‘ब्रेकेज’ म्हणतात, आणि ही रक्कम कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात रीतसर उत्पन्न म्हणून धरली जाते. स्टारबक्ससारख्या कंपनीने २०२३ च्या आर्थिक वर्षात अशा न वापरलेल्या शिलकेपोटी २० कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न दाखवलं होतं. एवढी मोठी रक्कम कोणी एकट्याने विसरलेली नसते, ती लाखो लोकांची थोडीथोडी शिल्लक असते. तुमच्या अकरा कार्डांत आत्ता जशी आहे, तशीच.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. सवलत कार्ड घेताना मिळत नाही. कार्डातली शेवटची पै, एरवीही घेतलंच असतं अशा सामानावर खर्च झाली, की त्या क्षणी मिळते. तोपर्यंत तो फक्त वायदा असतो. बाकी सगळं यातूनच निघतं.

भाऊजींचे बारा टक्के आता जरा उलगडून बघू. दर्शनी १००० चं कार्ड धरा. पाच टक्के कमी, म्हणजे तुम्ही ९५० दिले. दोन टक्के कॅशबॅक हा तुम्ही दिलेल्या रकमेवर मिळतो, दर्शनी किमतीवर नाही, तेव्हा १९. क्रेडिट कार्डाचा एक टक्का, तोही ९५० वरच, म्हणजे साडेनऊ. एकूण सुटले साडेअठ्ठ्याहत्तर. आठ टक्के म्हणा, थोडं कमीच. दुकानाचे चार टक्के पॉइंट यात धरायचेच नाहीत. तुम्ही रोख दिले असते तरी सदस्य क्रमांक सांगितल्यावर ते मिळालेच असते, त्याचं श्रेय गिफ्ट कार्डाला कशाला?

अजून एक कात्री लागते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर किराण्याला जास्त दराने परतावा मिळतो. आपण किराणा घेतोय हे बँकेला कळतं ते दुकानाच्या चार आकडी वर्ग-क्रमांकावरून, सुपरमार्केटचा तो ५४११ असतो. गिफ्ट कार्ड विकणाऱ्या साइटचा वर्ग वेगळा. तिथून कार्ड घेतलं की बँकेच्या लेखी तुम्ही किराणा घेतलेलाच नाही, म्हणून साधा एक टक्का पदरात पडतो. तुमच्या क्रेडिट कार्डावर किराण्याला समजा तीन टक्के असतील, तर दुकानात सरळ ते वापरून काहीही न करता ३० सुटले असते. म्हणजे कार्डाच्या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई ७८.५० वजा ३०, साडेअठ्ठेचाळीस. बाराचे पाचही राहिले नाहीत. तुमच्या क्रेडिट कार्डाचा किराण्याचा दर किती, ते आधी बघा. एक टक्काच असेल तर चित्र बरंच बरं आहे. सुपरमार्केटच्याच काउंटरवर कार्ड विकत मिळत असेल तर हा वर्गाचा घोळ बहुधा होत नाही, पण तिथे सवलत क्वचित असते आणि काही बँका गिफ्ट कार्डाच्या खरेदीवर पॉइंटच देत नाहीत. बँकेच्या अटींत तेवढी एक ओळ शोधून वाचा.

आता त्या साडेअठ्ठेचाळीसवर तुमची शिल्लक ठेवून बघा. हजाराच्या कार्डात ६० उरले आणि तसेच राहिले, तर तुम्ही साडेअकरांनी तोट्यात. सवलत, कॅशबॅक, पॉइंट, सगळं गिळून वर खिशातून गेलं. म्हणून उरलेल्या चिल्लरीला चिल्लर समजू नका. तुमचा सगळा नफा तिथेच अडकलाय.

शिल्लक राहू नये याचा उपाय साधा आहे. कार्ड बिलापेक्षा कमी रकमेचं असावं, जास्तीचं कधीच नाही. समजा तुम्ही काउंटरपाशी उभ्या आहात आणि बिल १८४६ झालंय. दोन हजाराचं कार्ड असेल तर १५४ अडकले. पंधराशेचं असेल तर ते पूर्ण संपतं आणि उरलेले ३४६ तुमच्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर जातात, तिथे किराण्याचा जादा दरही मिळतो. काही ठिकाणी मनाजोगत्या रकमेचं कार्ड घेता येतं, तसं असेल तर फारच उत्तम. रांगेत उभ्या असताना सामानाचा अंदाज घ्या, त्याच्या थोडं खाली कार्ड घ्या. मात्र कोड लगेच येईलच असं धरून चालू नका. नव्या खात्याची पहिली खरेदी असेल तर पडताळणीत वेळ जातो आणि मागच्या माणसाची चुळबुळ सुरू होते. सुरुवातीला घरूनच, यादीवरून अंदाज बांधून घेतलेलं बरं. यादी आधी, कार्ड नंतर. हा क्रम उलटा झाला की गणित बिघडतं.

काउंटरवरची पद्धतही सांगते, कारण तिथे गोंधळ होतो आणि मग बायका ‘जाऊ दे’ म्हणून सगळं एकाच कार्डाने देऊन मोकळ्या होतात. आधी सदस्य क्रमांक स्कॅन होऊ दे. पैसे देण्याआधीच सांगा, ‘थोडे गिफ्ट कार्डातून, बाकीचे दुसऱ्या कार्डाने.’ गिफ्ट कार्ड पहिलं चालवायचं, शिल्लक शून्य झाली हे पावतीवर बघायचं, मग उरलेली रक्कम. एका बिलाला किती गिफ्ट कार्डं चालतात हे एकदा विचारून ठेवा. स्वतः स्कॅन करायच्या मशीनवर बऱ्याचदा एकच चालतं, तेव्हा जुन्या कार्डांची चिल्लर संपवायची असेल त्या दिवशी माणूस बसलेला काउंटर गाठा. आणि गर्दीच्या वेळी नको, कॅशियरचीही दया येऊ द्या.

कार्ड शून्य झालं म्हणून कोड लगेच पुसून टाकू नका. वस्तू परत केली तर पैसे बहुतेक वेळा त्याच कार्डावर जमा होतात किंवा दुकानाच्या नव्या कार्डावर मिळतात. परतीची मुदत संपेपर्यंत कोड जपा. शिवाय माल खराब निघाला आणि दुकानाने हात वर केले, तर क्रेडिट कार्डाने थेट घेतलेल्या सामानावर बँकेकडे दाद मागता येते. गिफ्ट कार्डाने घेतलेल्या सामानाला तो आधार नसतो, कारण बँकेच्या नोंदीत तुम्ही कार्ड घेतलंत आणि कार्ड तर तुम्हाला मिळालं! रोजच्या सामानाला याचा फारसा फरक पडत नाही. सुपरमार्केटमधूनच एखादं महागडं उपकरण घ्यायचं झालं तर मात्र त्या दिवशी गिफ्ट कार्ड बाजूला ठेवा.

कॅशबॅक पेंडिंग का, नामंजूर का? पेंडिंग तर राहणारच. विक्रेता साइटला दलाली देतो ती रद्द-परतीचा काळ उलटल्यावर, आणि साइट तुम्हाला देते ती तिला मिळाल्यावर. एक ते तीन महिने धरून चाला. नामंजुरीची कारणं ठरलेली असतात. साइटवरून तुम्ही विक्रेत्याकडे जाता तेव्हा ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद पडते, तिला कुकी म्हणतात. शेवटची नोंद ज्याची, दलाली त्याची, असा बहुतेक ठिकाणचा नियम. मधल्या काळात तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये कूपन शोधलंत, किंवा ब्राउझरला जोडलेलं, कूपन आपोआप लावणारं एखादं एक्स्टेंशन मध्ये घुसलं, की नोंद त्याच्या नावावर गेली. जाहिराती अडवणारं काही चालू असेल तर नोंदच पडत नाही. फोनवर लिंक दाबल्यावर ब्राउझरऐवजी विक्रेत्याचं अ‍ॅप उघडलं, तरी बऱ्याचदा धागा तुटतो. म्हणून लॅपटॉपवर, एकच टॅब, टोपली रिकामी, आणि साइटवरून निघालात की एका दमात खरेदी पूर्ण. ऑर्डरचा क्रमांक आणि वेळ कुठेतरी टिपून ठेवा. कॅशबॅक दिसलाच नाही तर दावा करायला ठरावीक दिवस असतात, ते उलटले की कोणी दाद देत नाही.

आणखी एक. काही विक्रेते गिफ्ट कार्डाच्या खरेदीवर कॅशबॅक देतच नाहीत, आणि काही दुकानं ऑनलाइन सामान गिफ्ट कार्डाने घेतलं तर त्या बिलावर देत नाहीत. दोन्हीकडून मिळेल अशी आशा धरू नका, एका बाजूने मिळाला तरी पुष्कळ. क्रेडिट कार्डाला जोडलेल्या खास ऑफर, ‘अमुक दुकानात खर्च करा, इतके परत’ अशा, गिफ्ट कार्डाने पैसे दिल्यावर लागू होत नाहीत, कारण ते क्रेडिट कार्ड त्या दुकानात चाललेलंच नसतं. उलट पावतीचा फोटो मागणारी अ‍ॅप बिलावरच्या वस्तू बघतात, पैसे कशाने दिले हे सहसा बघत नाहीत. ती गिफ्ट कार्डाबरोबर बिनदिक्कत चालतात. तरीही माझा सल्ला असा की हिशोबात कॅशबॅक शून्य धरा. कार्डावरची सवलत हातात पडलेली असते, कॅशबॅक आला तर वरकड.

आता ह्यांच्या तक्रारीकडे येऊ. इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

रिचर्ड थेलर नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सगळे पैसे सारखे मानत नाही, मनातल्या मनात त्यांची वेगवेगळी खाती पाडतो आणि प्रत्येक खात्यातून वेगळ्या हाताने खर्च करतो, हे त्यांनी सविस्तर मांडलं. गिफ्ट कार्ड हे असंच एक खातं होऊन बसतं. पैसे आधीच गेलेत, त्यामुळे काउंटरवर देताना टोचत नाही. ‘कार्डात आहेतच की’ म्हणत एखादी जादा वस्तू ट्रॉलीत येते. त्यात ६०-७० उरलेले असतात, ते संपवायला म्हणून दुकानात जायचं आणि बाहेर पडताना त्याच्या चौपट घेऊन यायचं. हजाराच्या सामानाचं बिल १०५० झालं की वर काढलेली साडेअठ्ठेचाळीसची सगळी कमाई गेली, वर दीड पदरचा.

दुसरी गळती दुकानाची. कार्ड तुम्हाला एका दुकानाशी बांधून टाकतं. कार्ड नव्हतं तेव्हा तुम्ही साबणाचा भाव इथे जास्त वाटला तर तिथे जात होतात. आता इथे कार्डात पैसे आहेत, म्हणून इथेच. दोन दुकानांच्या भावात त्याच यादीवर पाच-सहा टक्के फरक सहज असू शकतो, मग महागड्या दुकानाच्या पाच टक्के सवलतीला अर्थ काय? तेव्हा तुमची नेहमीची यादी घ्या, वीसेक वस्तू पुरेत, आणि तिन्ही दुकानांचे भाव समोरासमोर मांडा. पाकिटावरच्या किमतीची तुलना नको, किलोच्या किंवा लिटरच्या भावाची करा, कारण पाकिटांचे आकार गुपचूप लहान होत असतात. जे दुकान सवलत न धरताही स्वस्त पडेल त्याचंच कार्ड घ्यायचं. बाकी दोघांची कार्डं संपवा आणि विसरा. तीन दुकानांचे तीन हिशोब सांभाळण्याइतकी ही कमाई मोठी नाही.

ह्यांचं खरं की तुमचं, हे ठरवायचं असेल तर एका महिन्याचा आकडा असा काढा. त्या महिन्यात कार्डांसाठी प्रत्यक्ष दिलेले पैसे, अधिक दुकानात थेट दिलेले. त्यातून खात्यात जमा झालेला कॅशबॅक वजा करा, पेंडिंगवाला नाही. महिन्याच्या सुरुवातीला कार्डांत जी शिल्लक होती ती मिळवा, शेवटी जी उरली ती वजा करा. येईल तो तुमच्या सामानाचा खरा खर्च. तोच आकडा कार्डं सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांचा काढा. मधल्या काळात भाव वाढले असतील, मग नुसत्या आकड्यांवर भांडण मिटणार नाही. म्हणून बिलंही बाहेर काढा. पेन घेऊन दोघांनी बसा आणि यादीत नसलेल्या वस्तूंवर खूण करा. त्या वाढल्या असतील तर ह्यांचं खरं. नसतील तर तुमचं, आणि दोष भाववाढीचा. माझी पैज ह्यांच्या बाजूने आहे, पण हरायला मला आवडेल.

क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल असं गृहीत धरते. भरत नसाल तर हा सगळा खेळ आजच थांबवा. वर्षाला २४ टक्के व्याज म्हणजे महिन्याला दोन. दोन-तीन महिने बाकी ओढली की गिफ्ट कार्डाची सवलत सावकाराच्या घरी.

वीस टक्केवाला. एकच प्रश्न विचारा: त्याला ते कार्ड कितीला पडलं असेल? घाऊक घेणाऱ्या कंपन्या तुम्हाला पाच टक्के सोडतात, किराण्याच्या कार्डावर त्याहूनही कमी मिळणं नवल नाही. मग हा अनोळखी माणूस वीस सोडून वर कमावतोय, हे शक्य होतं तेव्हाच, जेव्हा कार्डासाठी त्याचे स्वतःचे पैसे गेलेलेच नसतात. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेलं गिफ्ट कार्ड असेल, आणि मूळ मालकाने तक्रार केली की दुकान उरलेली शिल्लक गोठवू शकतं. नाहीतर एकच कोड पाच जणांना विकलेला असेल. ‘आधी बॅलन्स बघा, मग पैसे द्या’ म्हणतो म्हणून भुलू नका. बॅलन्स खराच असतो, पण कोड त्याच्याकडेही असतो, आणि तुम्ही दुकानात पोचायच्या आत तो वापरला जातो. नको असलेली कार्डं रीतसर विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या साइट वेगळ्या, त्या काही दिवसांची हमी देतात. तिथून घेतलंत तरी हमीच्या मुदतीत, शक्यतो त्याच आठवड्यात, संपवून टाका.

दुकानात टांगलेली प्लॅस्टिकची कार्डं घेत असाल तर पाकीट नीट बघा. चोर कार्ड उचलून नंबर टिपतात, खरवडायची रुपेरी पट्टी काढून वर दुसरी चिकटवतात, कार्ड परत जागेवर टांगतात आणि कोणी पैसे भरून ते चालू करण्याची वाट बघत बसतात. पट्टीची कड उचललेली, पाकीट पुन्हा चिकटवल्यासारखं, अशी जरा जरी शंका आली तरी ते कार्ड काउंटरवर नेऊन द्या. माझ्या मते डिजिटल कोडच बरा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना एवढं सांगून ठेवा: फोनवरून कोणी दंड, बिल, थकबाकी ‘गिफ्ट कार्ड घेऊन नंबर सांगा’ म्हणून मागितली, तर तो लुटारूच. कुठलंही सरकारी खातं असे पैसे घेत नाही.

मुदतीचं थोडक्यात. देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने गिफ्ट कार्डातले पैसे किमान पाच वर्षं बाद होऊ शकत नाहीत, आयर्लंडमध्ये २०१९ पासून पाच वर्षं, ऑस्ट्रेलियात त्याच वर्षापासून तीन. पण ‘इतक्याचं घ्या, वर इतक्याचं फुकट’ अशातलं फुकटचं कार्ड सहसा या संरक्षणात बसत नाही. त्याची मुदत महिन्या-दोन महिन्यांची असू शकते, तेव्हा ते पहिलं संपवायचं. कायद्याने मुदत दिली तरी दुकानच बुडालं तर उपयोग नाही. अमेरिकेतल्या दोन दुकानसाखळ्या बघा: शार्पर इमेजने २००८ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावर कार्डं घेणं थांबवलं, बेड बाथ अँड बियाँडने २०२३ मध्ये कार्डधारकांना फार थोडे दिवस दिले. बुडालेल्या दुकानाकडून ज्यांचे पैसे येणं असतात त्यांच्या रांगेत कार्डवाल्यांचा नंबर मागेच लागतो. महिन्याच्या सामानाएवढ्यापेक्षा जास्त रक्कम कार्डांत कधीच अडकवू नका, कितीही मोठी सवलत दिसली तरी.

तेव्हा आधी अकरा कार्डं. ज्या दोन दुकानांत पुढे जायचं नाही तिथल्या शिलकी एकेका फेरीत संपवा: न नासणारं, घरात हटकून लागणारं सामान घ्या आणि बिल शिलकेपेक्षा थोडं जास्त होऊ द्या. मग एका दुकानाचं एकच कार्ड, यादीनंतर घेतलेलं, बिलापेक्षा कमी रकमेचं. क्रेडिट कार्डाच्या दरानुसार शंभराला पाच ते सात सुटतील. ज्याला वर्षभर सामान भरायचंय त्याच्यासाठी हे वाईट नाही, आणि वेळही फार जात नाही.

भाऊजींना दुखवायची गरज नाही. पुढचा स्क्रीनशॉट आला की म्हणा, ‘छान! आता तुमच्या सगळ्या कार्डांच्या शिलकेचाही एक टाका.’